सतरा नंबरची हजेरी

२२ जून. शाळा उघडायला आठवडा होता आणि माझ्यापुढे दोन रकाने होते. डावीकडे ‘ऑनलाइन शिक्षण’, उजवीकडे ‘वर्गातील शिक्षण’. दुसऱ्या दिवशी केंद्रशाळेत शिक्षण परिषद होती आणि तुलना मांडायचं काम केंद्रप्रमुखांनी माझ्यावर टाकलं होतं. प्रत्येक रकान्यात दहा मुद्दे, खाली दोन ओळींचा निष्कर्ष. निष्कर्ष काय असावा हेही त्यांनी फोनवरच सांगून टाकलं होतं. “दोन्हींचा समतोल हवा, असं लिहा ताई. कोणालाच वाईट वाटत नाही.”

मी वर्गातच लिहायला बसले होते. आमची शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची, मुकुटबनपासून थोडी आत. दोन खोल्या, दोन शिक्षक. एक मी आणि दुसरे सर. त्या दिवशी सर आले नव्हते. मुलांच्या बसायच्या पट्ट्या मी झटकून कोपऱ्यात उभ्या केल्या होत्या, फरशी धुतली होती. डाव्या रकान्यात तीन मुद्दे सरळ उतरले. वेळ वाचतो. धडा पुन्हा पाहता येतो. अंतराची अडचण राहत नाही. चौथा मुद्दा सुचला तो ‘हजेरी नियमित राहते’ हा, आणि तिथे माझं पेन थांबलं. तो खोटा आहे हे माझ्याइतकं कोणाला माहीत नाही.

कोरोनात शाळा बंद झाल्या त्या मार्चमध्ये माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता. मी हजेरी नंबरानं घेते, पटकन होते. सतरा नंबरला एक मुलगी होती. ‘सतरा’ म्हटलं की ती लगेच बोलायची नाही. आधी मान वळवून अख्खा वर्ग न्याहाळायची आणि मी अठरा म्हणणार तेवढ्यात सुरू व्हायची, “हजर म्याडम. अन् नऊ नंबर आज नाई येत, तिची म्हैस व्याली. अन् तेवीस नंबर येऊन राह्यला, पण त्याची चप्पल तुटली रस्त्यात.” मी रागवायचे. “तुला विचारलं का मी?” ती म्हणायची, “नाई. पण मंग तुमाले कसं मालूम पडन?” शेवटी मीच सतरानंतर थोडं थांबायला शिकले.

तिला वाचता येत नव्हतं, पण येण्याच्या अगदी काठावर होती. अक्षरं ओळखायची, जोडाक्षराशी अडायची. स्वतःचं पुस्तक मिटून ठेवायची आणि शेजारणीच्या पुस्तकात डोकं घालायची. शेजारीण चुकली की हिला बरोबर काय ते कळायचं. अशी मुलं एकटी बसवली तर एक ओळ वाचत नाहीत. दाटीत बसवली, दुसऱ्याचं ऐकू दिलं, की एक दिवस फटकन सुटतात. इतकी वर्षं हेच पाहत आले आहे. दिवाळीपर्यंत ही वाचेल, असं मी मनात धरलं होतं. मग शाळाच बंद झाली.

धड्यांचे व्हिडिओ करून मुलांच्या घरच्या ग्रुपवर टाका, अशी सूचना आली. घरी कुकरच्या शिट्ट्या, बाहेर भाजीवाला, म्हणून मी शाळेत येऊन करायचे. स्टुलावर डबा, डब्याला टेकवून मोबाइल, समोर रिकामी खोली. पहिल्या दिवशी सवयीनं हजेरीच घेतली. सतरा म्हटलं आणि थांबले. मग लक्षात आलं की आपण कोणासाठी थांबलोय. तरी तो भाग कापला नाही, कारण कापता येत नव्हता.

माझी एक पद्धत होती. फळ्यावरच्या शब्दाखाली बोट ठेवायचं, शब्द म्हणायचा, मग “म्हणा” म्हणून मनात दोनपर्यंत मोजायचं आणि “शाब्बास” म्हणायचं. घरी बसलेल्या पोराला वाटावं, बाईंनी आपलं ऐकलं. रिकाम्या खोलीत ते दोन आकडे फार लांब वाटायचे. पत्र्याखालच्या भिंतीवरून माझाच आवाज जरासा उशिरा परत यायचा, जणू शेवटच्या पट्टीवर बसून कोणी मागून म्हणतंय. मी भित्री बाई नाही. पण “शाब्बास” म्हणताना मी त्या पट्टीकडे पाहायचं टाळायचे.

हजेरीचा नियम मीच केला. धडा पाहून झाला की ग्रुपवर अंगठ्याचं चित्र पाठवायचं. संध्याकाळी अंगठे मोजायचे आणि आकडा वर कळवायचा. निम्म्या घरांत फोनच नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांचे अंगठे कधी यायचे, कधी नाही. सतरा नंबरचा मात्र रोज यायचा, सगळ्यांच्या आधी, रविवारीसुद्धा. मी ग्रुपवर लिहायचे, ‘सतरा नंबरकडून शिका.’

एक दिवस मी सगळ्यांना व्हिडिओ कॉल लावला. चार चौकटी उघडल्या. एकीत छत, एकीत कोणाचा कान, एकीत भिंत. चौथीत ट्रकची काच, काचेत लटकलेलं लिंबू-मिरची आणि पुढे सरळ रस्ता. मग एक माणूस वाकून मोबाइलमध्ये आला. सतरा नंबरचे वडील. पांढरकवड्याहून हैदराबादकडे ट्रक चालवायचे.

“हाजिर हाये म्याडम!”

“अहो भाऊ, पोरगी कुठंय?”

“घरी हाये ना. मी आदिलाबादच्या अलीकडं हाओ. गाडी बाजूले लावली, भेव नका करू. सकाळीच अंगठा देल्ला ना मी?”

“अंगठा तुमचा नको. धडा तिनं पाहायचा आहे.”

“मोबाइल एकच हाये म्याडम, थो माह्याजोळ. मी पाह्यतो ना. रोज पाह्यतो, दोन-दोन खेपा. कालचा मुंगीवाला मस्त होता.”

“तुम्ही पाहून काय उपयोग?”

“घरी गेलो का सांगतो तिले.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “रेशनले अंगठा नाई लागला तं नाव कटते. माह्या मायचं कटलं होतं. तिचे बोटं घासलेले, मशीन घेयेच ना. पोरीचं नाई कटू द्याचं मले.”

“शाळेतून असं नाव कटत नसतं.”

“रेशनवालाबी असाच म्हणे.”

तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवसापासून मला माहीत होतं. पोरगी गावात, मोबाइल रस्त्यावर, आणि माझ्या वहीत ती हजर. मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, “ताई, आता बापाला गैरहजर मांडता का? अंगठा आला म्हणजे हजर. वर कोणी चेहरा मागत नाही, आकडा मागते.” मी हजर मांडलं. दुसऱ्या दिवशीही. दोनदा तिच्या घरी गेले. दोन्ही वेळा आई म्हणाली, “राजूरले गेली, मामाकडे. मामा खाणीवर हाये, तिथं पोरं हायेत खेळाले.” मी वहीत ‘गृहभेट दिली’ असं लिहिलं. ते खरं होतं.

शाळा पुन्हा भरली तेव्हा ती चौथीत होती. उंच झाली होती. पहिल्या दिवशी मी सतरा म्हटलं आणि थांबले. ती लगेच “हजर” म्हणाली आणि खाली पाहत राहिली. कोण आलं, कोण नाही, काही सांगितलं नाही. पुस्तक उघडून दिलं तर पानावर बोट ठेवून बसून राहिली. दोन वर्षांपूर्वी जी अक्षरं ओळखत होती, त्यांतली निम्मी गेली होती. आणि आता ती शेजारणीच्या पुस्तकात डोकं घालत नव्हती. लाजायला शिकली होती.

हातात थोडे महिने होते. दोन वर्षं सुटलेली पोरं, कधी शाळा चालू, कधी पुन्हा बंद, वर रोजची माहिती भरायची. तिच्याजवळ बसायचं राहून गेलं. शेवटी प्रत्येक मुलाचा वाचनाचा स्तर लिहायचा कागद आला. हिची हजेरी वर्गात सगळ्यांत जास्त. इतकी नियमित मुलगी आणि वाचता येत नाही, असं लिहिलं तर पहिला प्रश्न मला आला असता, हजेरीचा. मी लिहिलं, ‘वाचन : येते.’ पाचवीचे सर पाहतील, असं स्वतःला सांगितलं. ती दुसऱ्या शाळेत गेली.

सतरानंतर थांबायची सवय मात्र गेली नाही. दर वर्षी नवा सतरा नंबर येतो आणि मी थांबते. त्यानं तोंडासमोर “हजर” म्हटलेलं असलं तरी. मागच्या वर्षीचा सतरा नंबर एक ठसकेबाज पोरगी होती. ती उठून उभीच राहायची. “म्याडम, मी हाओ ना इथं! कोणाले पाहून राह्यल्या?” मधल्या सुट्टीत मी त्यांचं बोलणं ऐकलं.

“म्याडम सतरावर काहून थांबते, मालूम? सतरा नंबरची एक पोरगी मेली होती.”

“हट्! मेली नाई, मुकुटबनच्या शाळेत गेली. माह्या ताईच्या वर्गात हाये.”

“मंग इथं कोण बसते?”

“तिची हजेरी बसते.”

पोरं हसली. मी बाहेर येऊन ओरडले, “हात धुतले का? चला, रांगेत बसा.”

तर त्या बावीस जूनला, दुपारी बाराच्या सुमारास, मी चौथ्या मुद्द्यावर अडलेली असताना दारात मोटारसायकल थांबली. बाप आणि लेक. बापाचे केस पांढरे झाले होते. माझ्या त्या सतरा नंबरला मी आधी ओळखलंच नाही. आठवी झालेली, ओढणी घट्ट बांधलेली, चपला बाहेर काढून आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

“नववीले पांढरकवड्याले टाकतो म्हटलं,” बाप म्हणाले. “होस्टेल हाये. माही गाडी तिथूनच निंगते, येता-जाता भेट होईन. कागदं लागते. तुमच्या रजिस्टरचा उतारा पायजे, जल्मतारीखवाला.”

पोराचं नाव पहिल्यांदा ज्या शाळेत पडतं तिथल्या रजिस्टरचा उतारा पुढे सगळीकडे मागतात, त्यामुळे असे लोक येतच असतात. मी म्हटलं, “अर्ज द्या, आत्ता देते.” आणि कोरा कागद मुलीपुढे सरकवला. “आठवी पास झालीस ना? तूच लिही. हा नमुना घे.” फाइलमधला गेल्या महिन्यातला एक अर्ज मी तिच्यापुढे ठेवला.

ती खाली बसली आणि लिहू लागली. अक्षर देखणं होतं. सरळ ओळ, गोल वळण, कुठे खाडाखोड नाही. मला बरं वाटलं. मला वाटलं, चला, सुटली पोरगी. मी रजिस्टर काढायला कपाटाकडे गेले. परत आले तेव्हा अर्ज पुरा झाला होता. बापानं तो उचलला, पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागले.

“मा... मुख्या... ध्यापक.” थांबले. मग ओठातल्या ओठात म्हणाले, “शाब्बास.” पुढच्या शब्दावर बोट. “जिल्हा... परिषद.” थांबले. “शाब्बास.”

तो माझा सूर होता. शब्दाच्या शेवटी मी आवाज जसा वर नेते, तसाच. मध्ये ते दोन आकडे. दोन वर्षं ट्रक बाजूला लावून, दोन-दोनदा धडा पाहून हा माणूस वाचायला शिकला होता, आणि ‘शाब्बास’ हाही धड्याचाच भाग आहे असं समजून तेही शिकला होता. त्या रिकाम्या खोलीत मी ज्या पट्टीकडे पाहायचं टाळत होते, तिथे खरंच कोणी बसलं होतं. फक्त ते दुसरं कोणी होतं.

त्यांचं बोट खाली सरकत गेलं आणि अडलं. “हे काय माय? हे तं दुसऱ्याच पोरीचं नाव हाये. अन् तारीखबी तिचीच. अन् बापाचं नावबी.”

तिनं नमुना जसाच्या तसा उतरवला होता. रेघ न् रेघ. त्या दुसऱ्या पोरीच्या आईची सहीसुद्धा, वळणासकट.

बाप हसायचा प्रयत्न करत म्हणाले, “घाई झाली तिले.”

“घाई नाई झाली,” ती म्हणाली. किती वर्षांनी तिचा आवाज ऐकत होते मी. “मले वाचता येत नाई.”

“आठवी पास झाली ना तू?”

“उतरवून झाली. फळ्यावरचं उतरवतो, बाजूवालीचं उतरवतो. अक्षर चांगलं हाये ना माहं.” मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “पाचवीत सरनं उठवलं, वाच म्हणे. मी चूप. सर म्हणे, तुह्या म्याडमनं तं लिहून देल्लं, वाचता येते. मंग काहून वाचत नाई? मी सांगतलं, डोळे दुखते. दवाखान्यात पाठवलं चष्म्याचा नंबर काढाले. नंबर नाई निंघाला. तवापासून दुखूनच राह्यले डोळे.”

बाप माझ्याकडे पाहत होते. मी कागदाकडे.

“मी नाई जात होस्टेलले,” ती बापाला म्हणाली. “तिथली म्याडम संध्याकाळी साऱ्याइले पेपर मोठ्यानं वाचाले लावते. मी आईसंग कापूस येचाले जाईन.”

“घे! मी ट्रकात शिकलो अन् तू शाळेत जाऊन...” बाप बोलायला लागले आणि पुढचं त्यांनी गिळलं.

मी अर्ज स्वतः लिहिला, बापाची सही घेतली, उतारा तयार करून दिला. होस्टेलला कधी न्यायचं ते विचारलं. तीस तारखेला. म्हणजे आठ दिवस. मी मुलीला म्हटलं, “उद्या सकाळी सातला इथं ये.”

“लहाण्या पोराइत नाई बसत मी.”

“पोरं नाहीत. सुट्टी आहे.”

“लोक पाह्यते ना रस्त्यावरून.”

“येईन ते म्याडम,” बाप म्हणाले.

“तुमीच जा मंग. तुमाले आवडते शाळा,” ती म्हणाली आणि चपला घालायला गेली.

ते गेल्यावर मी मोबाइलमधला त्या दिवसांतला एक व्हिडिओ शोधून लावला. फळा, माझं बोट, माझा आवाज. “म्हणा.” मग शांतता. मी मोबाइलमधून वर पाहिलं. समोर तीच खोली, कोपऱ्यात गुंडाळलेल्या पट्ट्या. मोबाइलमधली मी म्हणाली, “शाब्बास.” मी बंद केलं.

रकान्यांचा कागद मी फोटो काढून सरांना पाठवला. ‘उरलेलं तुम्ही भरा, मी उद्या रजेवर आहे.’ सरांचा लगेच फोन. “ताई, निष्कर्ष तरी सांगा.” मी म्हटलं, केंद्रप्रमुखांना विचारा, त्यांच्याकडे तयार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला मी शाळा उघडली. साडेसातपर्यंत वाट पाहिली. ती आली नाही. कुलूप लावलं, शेजारच्या दुकानातून पेपर घेतला आणि गाडी तिच्या घराकडे वळवली. बाप पहाटेच ट्रकवर गेले होते. आई दारातच म्हणाली, “झोपली हाये म्याडम,” आणि तिच्यामागे अंगणात मुलगी राखेनं भांडी घासत होती, ती मला दिसत होती.

मी आत गेले, नळाजवळच्या दगडावर बसले. म्हटलं, “चौथीत तुझ्या कागदावर मी ‘वाचन येते’ लिहिलं. तेव्हा तुला येत नव्हतं. मला माहीत होतं.”

ती पातेलं घासत राहिली. “मंग काहून लिहलं?”

“तसं लिहिलं म्हणून मला कोणी काही विचारलं नाही.”

तिनं पातेलं पालथं घातलं. दुसरं घेतलं. तेही घासलं. मग हात धुतले, ओढणीला पुसले, माझ्या मांडीवरचा पेपर उचलला आणि घरात गेली. मला वाटलं, संपलं. मी उठून दारापर्यंत आले तेव्हा आतून आवाज आला, “इकडं या. इथं बाहेरून दिसत नाई.”

धान्याच्या पोत्यांमागे तिनं चटई टाकली होती. मी बसले. तिनं पहिल्या पानावर बोट ठेवलं. पहिल्याच शब्दात तीन जोडाक्षरं होती. मी पान उलटलं, आतलं जाहिरातींचं पान काढलं, तिथे अक्षरं मोठी असतात, आणि म्हटलं, “इथून.”